साधी गाठ म्हणाले होते

अहो, आधीच सांगते, अक्षराला हसू नका. चौथीनंतर पेन हातात धरलं ते किराण्याची यादी करण्यापुरतं आणि वैशूच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ माझं तेव्हाही चुकायचं, आता तर कुठे काय द्यायचं तेच आठवत नाही. चुका झाल्या तर माफ करा. समजून घेऊन वाचा.

लिहायला बसले, कारण तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. तुमचा डावा कान गेला, उजवाही थोडा उतरला, तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आणि आपली तांबट आळी अशी, की घरात मीठ संपलं म्हटलं तर चौथ्या घरातून वाटी येते. मला चारचौघांत मोठ्यानं बोलता येत नाही, हे तुम्हाला लग्नाच्या मांडवापासून माहीत आहे. मग मी कामापुरतं ओरडायची. जेवायला या. पाणी जाईल, अंघोळ उरका. हकीमभाई आलेत. ओरडून सांगण्यासारखं नव्हतं ते सगळं मी पोटात ठेवलं. म्हटलं, निवांतपणी सांगू.

आता सांगायचं ते तरी काय? मलाच काही कळलेलं नाही. कॅन्सर नाही, साधी गाठ आहे, असं ते म्हणाले होते. ऑपरेशन चांगलं झालं, असंही म्हणाले. दोन्ही खरं होतं. वैशूनं दुसऱ्या डॉक्टरांनाही कागद दाखवले, त्यांनीही तेच सांगितलं. मग तुम्ही कसे गेलात? घरी येऊन तुम्ही वाकून कामाला बसलात म्हणून गेलात, की घरात नुसते पडून राहिला असतात तरी गेला असतात? मला एवढंच कळायला हवं आहे. भांडी घासताना, चालताना, पोळी लाटताना तेच डोक्यात फिरतं.

कानापासूनच सांगते, म्हणजे माझं मलाही नीट लागेल.

आपल्या आळीत कान जाणं म्हणजे केस पिकण्यासारखं. दिवसभर तांब्यावर हातोडा पडायचा, मग कान कसा राहणार? तुमच्या वडलांचा गेला, समोरच्या विठूकाकांचा गेला. तुमचा डावा जायला लागला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. उजवा बरा आणि डावाच का, याचं उत्तरही तुम्हीच शोधून काढलंत. "माझा डावा कान भिंतीकडे असतो. आवाज भिंतीवर आपटतो आणि परत त्याच कानात शिरतो." मला ते इतकं पटलं की मीच म्हटलं, जागा बदला. तुम्ही ऐरण उचलून समोरच्या अंगाला नेलीत आणि उजवा कान भिंतीकडे केलात. दोघांना केवढं शहाणपण केल्यासारखं वाटलं होतं! आणि आत गाठ वाढत होती. भिंतीचा काही संबंधच नव्हता.

मग तुमचा तोल जायला लागला. जिना उतरताना भिंतीला हात लावायचात. मी विचारलं तर म्हणायचात, "भिंत पडतेय का बघतोय." तुमच्याकडून सरळ उत्तर कधी मिळालं आहे का?

शेवटी ओळखलं ते आपल्या व्यापाऱ्यानं, हकीमभाईंनी. हिंजवडीकडच्या एका हॉटेलाला दारात ठेवायला मोठी घंगाळं हवी होती. त्यांनी ते काम तुम्हाला दिलं होतं आणि पत्रा देऊन मजुरीची उचलही आधीच दिली होती. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "घंगाळात माणसानं अंघोळ करायची, तर हे लोक फुलं भिजत घालणार. चांगलंय. फुलांना साबण लागत नाही." पहिली घंगाळं न्यायला हकीमभाई आले. त्यांनी एक उचललं, आडवं केलं आणि हातोड्यानं मठारलेल्या ठशांवरून अंगठा फिरवला. ठशांची एकेक ओळ पोटाभोवती सरळ फिरून जिथून सुटली तिथेच येऊन मिळाली पाहिजे, हे मलाही कळतं. ते थांबले, पुन्हा फिरवला.

"दत्तोबा, ही ओळ तुझी नाही."

"मग कुणाची? माझ्या बायकोची?"

"चढलीये बघ इथे. लाव बोट."

"पत्रा खराब आहे तुझा."

"पत्रा माझा खराब असेल, मान्य. पण ओळ तुझ्या हातची आहे."

तुम्ही घंगाळ त्यांच्या हातातून ओढून घेतलंत. चहा न पिताच ते गेले. जाताना दारात माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "वहिनी, यांना कुठेतरी दाखवा. मी यांचं काम ओळखतो." मी मान हलवली. मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते, तेव्हाही नाही बोलले. पण वैशूला सांगितलं, आणि तिनं कंपनीत रजा टाकली.

कानाच्या डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी कोपरावर आपटून तुमच्या कानाशी धरलं, आठवतं? ते विचारत होते ऐकू येतंय का, आणि तुम्ही म्हणालात, "आवाज छान आहे. कुठलं पोलाद?" मग त्यांनी ते कपाळावर टेकवलं आणि विचारलं, आवाज कुठल्या बाजूला येतोय. तुम्ही म्हणालात उजवीकडे. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "धंदा काय?" तुम्ही सांगितलंत. मला वाटलं, आता म्हणतील, मग बरोबर आहे. पण ते म्हणाले, "हातोड्यानं दोन्ही कान उतरतात काका, थोडे थोडे, जोडीनं. एकच कान जाऊन तोल जात असेल तर मला डोक्याचा फोटो हवा."

तो फोटो काढायचं मशीन किती खडखड करतं, असं सगळे घाबरवत होते. तुम्ही बाहेर आलात ते डोळे चोळत. "आळीतच झोपल्यासारखं वाटलं. डोळा लागला." तिथली मुलगी हसायची थांबेना. मीही हसले. बाहेर पडलो तेव्हा आपण दोघंही खुशीत होतो. विचित्रच आहे.

रिपोर्ट इंग्रजीत. वैशूनं मोबाइलवर शोधलं. "बाबा, अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात याला. बिनाइन असतो. टेन्शन नको घेऊ."

"बिनाइन म्हणजे?"

"म्हणजे कॅन्सर नाही, पसरत नाही. चांगला ट्यूमर."

"चांगला असता तर कान सोडून पैसे वगैरे नेले असते," तुम्ही म्हणालात.

मी ते नाव तिच्याकडून लिहून घेतलं. अजूनही बघून लिहावं लागतं.

मोठ्या हॉस्पिटलात सर कमी बोलायचे. समजावून सांगायच्या त्या धाकट्या डॉक्टर मॅडम. त्या आपल्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, कानाकडून मेंदूकडे दोन नसा जोडीनं जातात, एक ऐकण्याची आणि एक तोल सांभाळण्याची. वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसेवरही वेष्टन असतं. गाठ त्या वेष्टनातून वाढली आहे.

"कल्हई," तुम्ही म्हणालात.

मॅडमना आधी कळलं नाही. मी हळूच सांगितलं, भांड्याला आतून करतात ती. त्या म्हणाल्या, "हो काकू, तसंच समजा. कल्हई वाढत गेली आणि तिचा गोळा झाला. आधी शेजारच्या ऐकायच्या नसेला दाबलं. आता तो आवळ्याएवढा झालाय आणि मेंदूच्या देठाला टेकलाय. मेंदूत पाणी असतं, त्याची वाटही अडायला लागलीये."

हे मला तेवढं कळलं. पण घरी येताना रिक्षात तुम्ही विचारलंत, "कल्हई असते ती भांडं राखायला. ती कशी वाढेल?" रिक्षावाल्यासमोर काय ओरडणार?

मग आपलं ते भांडण. सरांनी तीन वाटा सांगितल्या होत्या. गाठ बारीक असेल तर नुसती नजर ठेवायची, काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा. थोडी मोठी असेल तर किरण द्यायचे, चाकू न लावता. आणि तुमच्यासारखी असेल तर उघडून काढायची. तुम्ही किरणांवर अडून बसलात.

"किरणांनी जळून जाईल ना?"

"जळत नाही," मॅडम म्हणाल्या, "वाढायची थांबते. कधी कधी आधी थोडी सुजतेसुद्धा. तुमच्या डोक्यात आता सुजायला जागा नाहीये, काका."

"आणि उघडलं तर?"

त्यांनी लपवलं नाही. गेलेला कान परत येणार नाही. तोंडाची नस गाठीवर फितीसारखी ताणून बसली आहे, तिला इजा झाली तर तोंड वाकडं होऊ शकतं. ती नस वाचवण्यासाठी एक यंत्र लावतात. नसेला धक्का लागला की ते वाजतं.

तेव्हा तुमचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "म्हणजे तुम्ही पण कानानंच काम करता."

"बरंचसं," मॅडम हसून म्हणाल्या.

तरी तुम्ही घरी येऊन नाहीच म्हणालात. वैशू रडली. मी माजघरात उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा कामाशिवायचं, आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "करून घ्या ते ऑपरेशन!" समोरच्या विठूकाकांचाही हातोडा थांबला. तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. मग म्हणालात, "बरं बरं. ऐकू आलं."

ते बरोबर होतं की चूक? मॅडम म्हणतात, न काढता भागलं नसतं, पाणी कोंडून काही महिन्यांत तसंही कठीणच झालं असतं. त्या सांगतात तेव्हा पटतं. घरी आलं की पटत नाही.

ऑपरेशन योजनेच्या कार्डात बसलं. तपासण्या, वरची औषधं, येणं-जाणं, यात हकीमभाईंची उचल गेली. तुम्ही बाहेर आलात. डावी बाजू थोडी उतरली होती, डावा डोळा पुरता मिटत नव्हता. सरांनी सांगितलं की गाठ जवळजवळ सगळी निघाली, तोंडाच्या नसेला चिकटलेला पापुद्रा मुद्दाम ठेवला. मला तेही उमगेना. काढायला गेले आणि थोडी ठेवून आले? मॅडम म्हणाल्या, तो खरवडला असता तर नस गेली असती. खरवडण्याचं तुम्हाला लगेच कळलं. "जास्त घासलं की पत्रा फाटतो," असं वाकड्या तोंडानं तुम्ही मला समजावून सांगितलंत. तुम्ही समजावल्यावर मला कळलं. आता कुणी समजावायचं?

घरी सोडताना मॅडमनी बजावलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. नाकातून पाण्यासारखं काही आलं किंवा ताप आला तर लगेच निघून यायचं. मी सगळं पाठ केलं. आणि तुमचा हातोडा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.

कसा सापडला तुम्हाला, देव जाणे. सकाळी बघते तर तुम्ही ऐरणीपाशी, मांडीवर शेवटचं घंगाळ.

"भाताला खडे लागत होते म्हणून बघितलं," तुम्ही म्हणालात.

"उठा आधी. मॅडमनी काय सांगितलंय?"

"उचल घेतलीये. काम न देता हकीमभाईला काय तोंड दाखवू? तेही वाकडं."

मला हसू आलं. अहो, मला खरंच हसू आलं, तुमच्या त्या अर्ध्या तोंडाच्या हसण्याचं. आणि तुम्ही आजारपणानंतर पहिल्यांदाच असे बसला होतात, पूर्वीसारखे. आवाज पण तोच, टक टक टक, एका मापाचा. मी म्हटलं, थोडंसंच हं. चहा ठेवायला आत गेले.

चहा घेऊन आले तर तांब्यावर एक थेंब पडला होता. स्वच्छ, पाण्यासारखा. तुम्ही मनगटानं पुसलात. "घाम." मग दुसरा पडला, आणि तो नाकावरून ओघळताना मी बघितला. आपण त्याच वेळी निघालो. वैशूनं कंपनीच्या बसमधून उतरून परस्पर हॉस्पिटल गाठलं. तिथे त्यांनी काही कसर ठेवली नाही. पाठीत नळी घातली, जागा पुन्हा उघडून बंद केली. पण तोवर ताप चढला होता. मेंदूवरच्या आवरणात जंतू शिरले, म्हणाले. शेवटचे दिवस तुम्ही माझ्याकडे बघत होतात की वरच्या पंख्याकडे, तेही मला सांगता येणार नाही. मी उजव्या बाजूला बसून राहिले.

नंतर मी एकटीच मॅडमना भेटायला गेले होते. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण गेले. विचारलं, "वाकल्यामुळे झालं का?" त्यांनी मला आधी खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, "काकू, नुसते झोपून राहिलेल्या पेशंटलाही असं पाणी येतं. वाकल्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. नाही झालं असंही नाही म्हणू शकत." खोटं बोलून मला मोकळं करता आलं असतं त्यांना. त्यांनी नाही केलं. मी त्यांचे हात धरले आणि निघून आले. आभार मानले की काय केलं, कळत नाही.

तेराव्याला हकीमभाई आले. "वहिनी, उचलीचं मनात आणू नका. माणूस गेल्यावर मी हिशेब ठेवत नाही." मी आतल्या दारात उभी. वैशूच्या कानात सांगितलं, तिनं बाहेर सांगितलं, "आई म्हणतेय, फेडणार." झालेली घंगाळं ते घेऊन गेले, त्यांची मजुरी उचलीतून वजा झाली. शेवटचं अर्धवट घंगाळ विठूकाका पुरं करून देतो म्हणाले. मी दिलं नाही. म्हणजे त्याच्या पत्र्याचे पैसेही माझ्याच अंगावर आले.

वैशू म्हणाली, "आई, किती वेळ घेणार? मी एकदम ट्रान्सफर करते, विषय क्लोज." मी नको म्हटलं. ती चिडली. का नको, ते मलाही सांगता आलं नाही. आता लिहिताना थोडं दिसतंय. त्या उचलीसाठी तुम्ही जीव धोक्यात घालून बसलात. ती उचल एवढी मोठी होती तरी केवढी, ते मला माझ्या हातानं उचलून बघायचं होतं. मुलांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. दुपारी विठूकाकांकडे भांडी उजळायला. महिन्याला जमेल तसं वैशूच्या हाती हकीमभाईंकडे पाठवत राहिले.

आणि अहो, ती मोठी नव्हती. तुमचं वर्षश्राद्ध यायच्या आत फिटत आली. पोळ्या लाटून फिटण्याएवढीच होती हो! मला इतका राग आला तुमचा. मेसमध्ये कणीक मळता मळता मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडले, एवढ्यासाठी बसलात? मला सांगितलं असतंत तर मी तेव्हाच लाटायला गेले नसते का?

काल शेवटचे पैसे द्यायला मीच गेले. हकीमभाईंनी ते न मोजता गल्ल्यात टाकले. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून घेतले. पण त्यानं पैशासाठी काम केलं असं मनात असेल तर काढून टाका. मी हॉस्पिटलात त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन सांगितलं होतं, ऑर्डर गेली तेल लावत, हॉटेलवाल्याला मी बघतो, तू सहा महिने हातोडा धरू नकोस."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्यावर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, ऑर्डरचं नाही रे. ओळ सरळ येते का, तेवढं एकदा बघायचंय."

तुम्ही मला उचल सांगितलीत आणि त्यांना ओळ. यातलं खरं कोणतं? की दोन्ही? हात गेला असेल अशी तुम्हाला भीती होती आणि ती माझ्यापुढे बोलवत नव्हती, असं आहे का? मग मी इतके महिने कशावर रागावले होते? आणि ज्याचं ओझं तुमच्यावर नव्हतंच, ते मी फेडलं तरी कशाला? माझं डोकं चालेना. दुकानात गिऱ्हाईक आलं, ते परत पाठवून हकीमभाई माझ्यासमोर बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, त्या शेवटच्या घंगाळावर... आली का ओळ?"

ऑपरेशननंतर तुम्ही मारलेले ठसे मी कितीदा बघितलेत. थोडेच आहेत, ओळ सरळ की चढलेली हे कळण्याएवढे नाहीत. अंगठा फिरवून बघितलाय, उजेडात धरून बघितलंय.

"सरळ आली," मी म्हटलं. त्यांच्याशी मी बोललेला तो पहिला शब्द.

त्यांनी डोळे पुसले. मी उठले. उचल फिटली, पत्र्यासकट. आता आपल्याकडे कुणाचं काही नाही.